संपर्काबाहेर

शनिवारी दुपारी तीनला वर्ग असतो.
आडगाव नाक्याच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावर, ग्रंथालयात
बारा संगणक, त्यातले नऊ चालू,
आणि एक पंखा, टेबलावरचं प्रत्येक पान चाळून बघणारा.

मी दरवेळी तेच शिकवतो.
यंत्राला प्रश्न विचारू नका, शब्द द्या.
'आणि' लिहिलंत की जाळं आवळतं,
'किंवा' लिहिलंत की पसरतं.
'नाही' मात्र जपून वापरा,
नको नको म्हणताना हवं तेच बाहेर राहतं.

तौसीफ कोकणीला प्रबंधाचे संदर्भ सोमवारच्या आत हवेत;
स्वल्पविराम कुठे, वर्ष कुठे, यावरून तो माझ्याशी भांडतो.
सुरगाण्याची यमुना भोये एका बोटाने टाइप करते
आणि एकदाही चुकत नाही.
मागच्या रांगेत, सात नंबरला, गांगुर्डे सिस्टर.
निवृत्तीला सात महिने.
मेट्रनने पाठवलं म्हणून आलेल्या,
पर्स मांडीवर, चष्मा पर्समध्ये.

"काहीतरी शोधा," मी म्हणालो, "रोजच्या कामातलं."
बराच वेळ काही नाही.
मग त्यांनी वहीत लिहिलं: द्राक्षं. फवारा. विषबाधा.
मी वाकून त्याचं इंग्रजी करून दिलं,
मध्ये दोनदा 'आणि' घातलं.

सतरा निबंध आले.
चौथ्यावर त्या थांबल्या.
"हा आमचा वॉर्ड आहे."
चालत्या बसमधून कुणी
दोरीवरचं आपलंच लुगडं ओळखावं, तशा म्हणाल्या.

चष्मा निघाला.
गोषवारा सोडला, पद्धत सोडली,
थेट तक्त्यावर बोट ठेवलं,
पडद्यावर, खरंखुरं, तेलकट बोट.
एकूण रुग्ण अडतीस.
बरे होऊन घरी एकतीस. दगावले सहा.
आणि एक चांदणी.
चांदणीचा अर्थ तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक रुग्ण पुढे संपर्काबाहेर.

"हा कुठे हरवलाय?" सिस्टर म्हणाल्या.
"बुधवारी भेटतो की."
बुधवारच्या बाजारात, गंगेवर, पुलाच्या अलीकडे,
गोणपाटावर शेपू, मेथी, असली तर अंबाडी.
हात अजून थरथरतात त्याचे,
म्हणून सुट्टे पैसे तो
गिऱ्हाइकालाच डब्यातून घ्यायला सांगतो.
"डबा कधी कमी भरला नाही म्हणतो."

नाव नाही सांगितलं त्यांनी.
"अकरा नंबर," एवढंच.
"अख्खी रात्र अॅट्रोपिन चाललं होतं.
पहाटे चहा मागितला त्याने.
मी बिस्किट पण दिलं. डॉक्टरांना न विचारता.
ते नाही लिहिलेलं यात."

यमुनाचं बोट हवेतच राहिलं होतं.
तौसीफने विचारलं, "सर, ह्याचा संदर्भ कसा द्यायचा?"
वैयक्तिक संवाद, मी म्हणालो,
नाव, तारीख, कंसात.
शेवटच्या यादीत घेत नाहीत.

मग मी वर्ग पुढे नेला, म्हणजे नेऊ पाहिला.
सिस्टरना लेखकाचा पत्ता हवा होता.
पहिल्याच पानावर, तळाला, पाकिटाच्या चित्राजवळ असतो.
यमुनाने टाइप केलं, त्या सांगत गेल्या:
सर, तुमचा चांदणीवाला माणूस मिळेल.
बुधवारी या. अकराच्या आत या,
नंतर भाजी संपते.

पाठवलं. अर्ध्या मिनिटात परत आलं.
हा पत्ता आता अस्तित्वात नाही.

"बघा," सिस्टर म्हणाल्या, "हरवलंय कोण."
वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

पाचला अभिप्रायाचे कागद गोळा केले.
काय आवडलं? सगळ्यांनी लिहिलं होतं: उपयुक्त.
गांगुर्डे सिस्टरनी ती जागा कोरी ठेवली होती.
खाली, 'सूचना' च्या रकान्यात, वॉर्डातल्या वहीच्या अक्षरात:
सात नंबरचा पडदा पुसून घ्यावा,
माझ्या बोटाचा डाग पडला आहे.